प्रतिमेत नसलेली चरबी : तीव्र अ‍ॅनोरेक्सियाच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

सीटी विभागात आलेल्या तपासणीच्या कागदावर निवासी डॉक्टरांनी मोजकेच लिहिले होते : वय १९, स्त्री, जेवणानंतर पोट फुगणे व हिरवट उलट्या, वर्षभरात वजनात मोठी घट, कॉक्स अ‍ॅब्डोमेन (म्हणजे पोटाचा क्षय)? तरुण मुलगी वाळत चालली की आधी क्षयाचा विचार करायचा, ही आपल्याकडची शिकवण चुकीची नाही. पोटाचा टीबी आमच्या भागात आजही नेहमी दिसतो आणि तो नजरेतून सुटला तर महागात पडतो. या मुलीला तर गावातल्या डॉक्टरांनी सहा आठवड्यांपूर्वीच एकेटी, म्हणजे क्षयावरची औषधे, सुरू केली होती. त्या गोळ्यांनीही मळमळ होते, त्यामुळे आधीच्या उलट्या कोणत्या आणि औषधाने वाढलेल्या कोणत्या, हे सांगणे घरच्यांनाही कठीण झाले होते.

ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काळ यांत फेरफार केला आहे. वजनाचा आकडा मात्र मुद्दामच दिलेला नाही. अ‍ॅनोरेक्सियात, म्हणजे माणूस स्वतःहून खाणे तोडत धोकादायक कृश होतो त्या मानसिक आजारात, तो आकडा रुग्णांमध्ये स्पर्धेचा विषय होतो, आणि पुढे जे सांगायचे आहे त्यासाठी त्याची गरजही नाही. उंचीच्या मानाने ते वजन अतितीव्र गटात मोडत होते, एवढे पुरे.

प्रकरणाची सुरुवात माझ्याच एका चुकीने होते. सीटीच्या तीन आठवडे आधी तिच्या पोटाची सोनोग्राफी मी केली होती. चैत्राचे ऊन तापलेले असताना ती पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून आली होती आणि जेल पोटाला लागताच शहारली होती. सोनोग्राफीला सडपातळ माणूस मानवतो. ध्वनिलहरींना चरबीचा जाड थर ओलांडावा लागत नाही, म्हणून स्वादुपिंडापासून महारोहिणीपर्यंत सगळे पुस्तकातल्या आकृतीसारखे स्वच्छ दिसत होते. त्या स्वच्छतेच्या समाधानात मी ‘लक्षणीय दोष नाही’ असा अहवाल देऊन मोकळा झालो. गर्भाशयाची लांबी वयात न आलेल्या मुलीच्या गर्भाशयाइतकी भरली होती. ती मी लिहिली, पण पाळी कधीपासून बंद आहे, हे विचारले नाही. महारोहिणी आणि तिच्यापासून निघून आतड्यांना रक्त पुरवणारी वरची रोहिणी, जिला आम्ही रोजच्या बोलण्यात एसएमए म्हणतो, या दोन्ही डोळ्यांसमोर असताना त्यांच्यातला कोन मोजला नाही. जेवणानंतर उलट्या होणाऱ्या कृश रुग्णात तो मोजायला एक मिनिट लागते.

सीटीच्या टेबलावर

शिरेतून द्यायच्या कॉन्ट्रास्टची, म्हणजे प्रतिमा उठावदार करणाऱ्या औषधाची, मात्रा वजनावर ठरते, म्हणून आमच्या तंत्रज्ञ बाईंनी वजन विचारले. आईने अंदाजाने एक आकडा सांगितला. मुलीने तो लगेच दुरुस्त केला, तोही दशांशासह, आणि हे आज सकाळचे वजन आहे, अशी पुस्तीही जोडली. टेबलावर उताणे निजवल्यावर माकडहाड टोचू लागले म्हणून खाली मऊ उशी द्यावी लागली. पाठीवर तान्ह्या बाळाच्या अंगावर असते तशी बारीक लव होती. बाईंनी या तिन्ही गोष्टी कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलने टिपून ठेवल्या. हे निदान आमच्या विभागात पहिल्यांदा कोणी केले असेल, तर ते त्या पेन्सिलीने केले, असे मला आजही वाटते.

मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा उत्तम होता, पण अशा रुग्णात त्यावर विसंबता येत नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. स्नायूच उरले नसतील तर मूत्रपिंड थकलेले असतानाही तो आकडा चांगला दिसतो. म्हणून कॉन्ट्रास्ट जपून दिला.

सीटीच्या प्रतिमा पडद्यावर आल्या तेव्हा पहिले वाचन निवासी डॉक्टरांनी केले आणि ‘आतड्यांची वेटोळी एकमेकांना चिकटलेली, क्षयाची शक्यता’ असे लिहिले. ही चूक समजून घेण्यासारखी आहे. सीटीमध्ये अवयव वेगवेगळे दिसतात ते त्यांच्यामधल्या चरबीमुळे. या तपासणीच्या मापात पाणी शून्यावर असते आणि चरबी साधारण उणे ५० ते उणे १२० च्या दरम्यान, म्हणजे करड्या अवयवांभोवती काळसर रेघ आखावी तशी ती दिसते. ती रेघच नाहीशी झाली की निरोगी वेटोळीसुद्धा एकमेकांना चिकटलेली वाटतात, ग्रंथी आणि रक्तवाहिन्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. सोनोग्राफीला जे मानवते तेच सीटीला जाचते. या मुलीच्या त्वचेखाली चरबीचा थर जवळजवळ नव्हता, मूत्रपिंडांभोवती नव्हता आणि आतड्यांच्या पडद्यातही नव्हता. चिकटल्यासारखे दिसणे हे त्याचेच फळ होते. क्षयात अपेक्षित असलेल्या इतर खुणा, म्हणजे पोटातले पाणी, उदरपटलाचा जाडपणा, लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याशी आलेली सूज, यांतली एकही नव्हती.

जठर मात्र ताणून ओटीपोटापर्यंत उतरले होते. त्यापुढचा ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा आरंभीचा भाग, त्याच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत फुगलेला होता आणि मणक्यासमोर मध्यरेषेवर सुरीने कापावा तसा एकदम संपत होता. तो तिथे महारोहिणी आणि एसएमए यांच्या बेचक्यातून पलीकडे जातो. निरोगी माणसात या बेचक्याचा कोन साधारण ३८ ते ६५ अंश असतो आणि ड्युओडेनमच्या पातळीवर दोन्ही वाहिन्यांमध्ये १० ते २८ मिलिमीटर अंतर असते. ही जागा उघडी ठेवते ती तिथली चरबीची गादी. आमच्या रुग्णात कोन १४ अंश आणि अंतर ४ मिलिमीटर भरले. गादी गेली, वरची रोहिणी खाली टेकली आणि आतडे दारात बोट सापडावे तसे चिमटले.

दुसऱ्या दिवशी फ्लुओरोस्कोपीखाली, म्हणजे हलत्या क्ष-किरण चित्राखाली, पातळ कॉन्ट्रास्ट पाजून हे चालू स्थितीत पाहिले. उताण्या स्थितीत ड्युओडेनम जोराने आकुंचन पावत होता, द्रव मध्यरेषेपर्यंत जाऊन धडकत होता आणि जठराकडे परत येत होता. असे दहा-बारा वेळा झाले. मग तिला पालथे केले. काही क्षणांत त्या चिमट्यातून एक बारीक धार पलीकडे गेली आणि तिची मुद्रा सैलावली. ‘रात्री मी अशीच झोपते,’ ती म्हणाली. पालथे किंवा डाव्या कुशीवर झाल्यावर बरे वाटणे हे या अडथळ्याचे जुने, ओळखीचे लक्षण आहे. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी या विकृतीचे वर्णन केले आणि १९२७ साली विल्की यांनी ७५ रुग्णांची मालिका प्रसिद्ध केल्यावर काही जण तिला विल्कीचा आजार म्हणू लागले.

आधी काय झाले

इथपर्यंतचे काम प्रतिमावाचकाला समाधान देणारे असते आणि म्हणूनच इथे घात होतो. कारण सापडले, मोजमाप सापडले, शस्त्रक्रियाही उपलब्ध आहे. अडथळ्याच्या अलीकडचा ड्युओडेनम पुढच्या आतड्याला जोडून वाट काढता येते. शल्यचिकित्सकांनी तशी तारीखही पाहिली होती. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : आतडे दबले म्हणून उलट्या, उलट्या म्हणून वजन घटले. आमचे म्हणणे उलट होते, की वजन आधी घटले आणि त्यामुळे आतडे दबले. एकदा दबले की मात्र दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात, आणि मग एकाच दिवशी काढलेल्या सीटीवरून कोणती पहिली, हे कोणालाच सांगता येत नाही. सीटी त्या दिवसाचे चित्र देते, क्रम देत नाही.

क्रम मिळाला तो आईच्या मोबाइलमध्ये. मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचनेवरून आम्ही तिला वर्षभरातले घरचे फोटो तारखेनुसार दाखवायला सांगितले. गणपतीतल्या फोटोत चेहरा भरलेला होता. दिवाळीच्या फोटोत गळ्याची हाडे वर आलेली दिसत होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या फोटोत हातातली बांगडी कोपरापाशी सरकलेली होती आणि त्या दिवशी, आईला चांगले आठवत होते, तिने तिळगुळाची वडी सगळ्यांसमोर खाल्ली होती, उलटी झाली नव्हती. उलट्या सुरू झाल्या त्या त्यानंतर, माघाच्या अखेरीस. चरबी गेली होती दिवाळीपर्यंतच.

श्रावणी सोमवार, मग नवरात्र, मग मार्गशीर्षातले गुरुवार. उपास वाढत गेले तसे घरात कौतुकच झाले. उपास करणाऱ्या मुलीला आपल्याकडे अडवणार कोण? साबुदाण्याची खिचडी तिच्या ताटातून धाकट्या भावाच्या ताटात जात होती, हे आईला फार उशिरा कळले. ‘जाड व्हायची भीती वाटते’ असे मुलगी एकदाही म्हणाली नाही. पोट गच्च होते, अन्न वर येते, एवढेच म्हणत राहिली. पाश्चात्त्य पुस्तकांत वर्णिलेली लठ्ठपणाची भीती न बोलून दाखवणारे रुग्ण भारतात आणि पूर्व आशियात आढळतात, हे मानसोपचारतज्ज्ञांना परिचित आहे, पण पोटाच्या आणि क्ष-किरणाच्या डॉक्टरांपर्यंत ते फारसे पोहोचलेले नाही. पोट गच्च होण्याची तक्रार खोटी नव्हतीच. फ्लुओरोस्कोपीत ती दिसत होती. पण ती पहिली तक्रार नव्हती.

विल्यम गल यांनी १८७३ साली लंडनमध्ये या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिले तेव्हा त्यांच्या निबंधासोबत रुग्णांची आजारातली आणि बरे झाल्यानंतरची, छायाचित्रांवरून केलेली चित्रे छापली होती. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा बावीस वर्षे अवकाश होता. शस्त्रक्रियेची तारीख रद्द झाली त्या दुपारी मला त्या चित्रांची आठवण झाली.

यंत्र बिघडले आहे का?

भरती झाल्यावर चौथ्या दिवशी उजव्या जांघेत दुखू लागले आणि खुब्याचा एमआरआय सांगितला गेला. तंत्रज्ञाने पहिला संच काढला आणि फोन केला, ‘सर, फॅट सप्रेशन बसत नाही.’ चरबीचा संकेत दाबून टाकणाऱ्या प्रतिमा-प्रकारात निरोगी हाडातली पिवळी मज्जा आणि त्वचेखालची चरबी काळी दिसायला हवी, म्हणजे सूज असलेली जागा त्यावर पांढरी उठून दिसते. इथे सगळी मज्जा पांढरट, आणि त्वचेखाली जो कागदासारखा थर उरला होता तोही पांढरट. ज्या प्रकारात चरबी चकाकायला हवी, त्यात मात्र तीच मज्जा काळवंडलेली. कॉइल बदलली, रुग्णाला पुन्हा नीट ठेवले, संच पुन्हा काढला, प्रतिमा तीच. पुढच्या रुग्णाच्या गुडघ्याच्या प्रतिमा त्याच यंत्रावर निर्दोष आल्या, तेव्हा यंत्राचा दोष नाही, हे मान्य करावे लागले.

तीव्र उपासमारीत मज्जेतल्या चरबीच्या पेशी आक्रसतात, रक्त तयार करणाऱ्या पेशी विरळ होतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत हायल्युरोनिक आम्लाने समृद्ध असा जेलीसारखा पदार्थ साचतो. याला मज्जेचा सिरस अ‍ॅट्रोफी म्हणतात. चरबीच्या जागी पाणीदार पदार्थ आल्याने एमआरआयमधले काळे-पांढरे उलटे होते आणि वाचणाऱ्याला वाटते, यंत्र चुकले, किंवा रक्ताचा कर्करोग मज्जेत पसरला. तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होत्या, हिमोग्लोबिन उतरले होते, त्यामुळे दुसरी भीती हवेतली नव्हती. रक्तविकारतज्ज्ञांशी बोलून सुईने मज्जेचा नमुना काढणे पुढे ढकलले आणि आहाराने पेशी वाढतात का, ते पाहायचे ठरले. त्या वाढल्या.

यातली एक विसंगती मला फार रोचक वाटते. अ‍ॅनोरेक्सियाच्या मधल्या अवस्थेत अंगावरची चरबी घटत असताना हाडांतल्या मज्जेतली चरबी उलट वाढते, हे एमआरआय स्पेक्ट्रोस्कोपीने दाखवून दिले आहे. शरीर बाहेरची कोठारे रिकामी करते आणि हाडातले कोठार भरते. ते का, याचे पूर्ण उत्तर मिळालेले नाही. आमची मुलगी त्या अवस्थेच्या पलीकडे गेली होती आणि शेवटचे कोठारही उपसले गेले होते.

या पांढऱ्या मज्जेचा व्यावहारिक धोका वेगळाच आहे. अस्थिभंगाभोवतीची सूज पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरीच, म्हणून ती दिसत नाही. दुखणे तर खरे होते. म्हणून त्याच संध्याकाळी फक्त उजव्या खुब्याचा पातळ कापांचा सीटी केला आणि मांडीच्या हाडाच्या मानेच्या आतल्या बाजूला केसाएवढी भंगरेषा सापडली. आतल्या, दाब पडणाऱ्या बाजूची रेषा वजन न टाकता बहुधा भरून येते. बाहेरच्या, ताणाच्या बाजूला असती तर स्क्रू घालावे लागले असते. पडल्याचे, आपटल्याचे काहीही नव्हते. खोलीचे दार लावून ती रोज तासन्‌तास जागच्या जागी चालत असे, हे नंतर कळले.

छातीच्या क्ष-किरणात फुफ्फुसे गडद आणि हृदयाची छाया अरुंद होती. इकोत डाव्या जवनिकेचे वस्तुमान कमी आणि हृदयाभोवती थोडे पाणी. नाडी मिनिटाला ३८. हे पाणी या आजारात बऱ्याच रुग्णांत आढळते, त्याला टीबीचे पाणी समजून औषध वाढवू नये, एवढेच इथे नोंदवतो.

मेंदूचा अहवाल आणि वडिलांचा मोबाइल

मेंदूचा एमआरआय घरच्यांनी दुसऱ्या केंद्रातून आधीच करून आणला होता, सुस्ती आणि विसराळूपणासाठी. मेंदूच्या वळ्यांमधल्या खाचा रुंदावल्या होत्या, द्रवाच्या पोकळ्या मोठ्या झाल्या होत्या. अहवालात ‘वयाच्या मानाने मेंदूचा शोष’ असे लिहिले होते आणि वडिलांनी तो शब्द मोबाइलवर शोधून रात्र जागून काढली होती. मला भेटले तेव्हा त्यांनी एकच विचारले, ‘साहेब, पोरगीचं डोकं परत येईल का?’ वर्णन चूक नव्हते. पण शोष म्हटले की म्हातारपणातला, परत न फिरणारा शोष डोळ्यांसमोर येतो. अ‍ॅनोरेक्सियात मेंदूच्या करड्या द्रव्याची घट मोठी असते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, ६८५ रुग्ण स्त्रियांच्या प्रतिमांवरील बहुराष्ट्रीय अभ्यासात ती इतर मानसिक आजारांपेक्षा कितीतरी ठळक दिसली, आणि ज्यांचे वजन काही अंशी परत आले होते त्यांच्यात ती कमी होती. म्हणून अशा अहवालात ‘उपासमारीशी सुसंगत, वजन वाढल्यावर सुधारण्याजोगे’ ही जोड हवीच. मी वडिलांना तेच सांगितले आणि नवा कागद लिहून दिला.

हाडांच्या घनतेच्या डेक्सा तपासणीत दुसरीच गंमत झाली. छापील अहवालात तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा टी-स्कोअर ठळक होता, जो रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी वापरतात. तरुण मुलीत समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोअर पाहायचा, उणे २.० किंवा त्याखाली असेल तर घनता वयाच्या अपेक्षेपेक्षा कमी. तिचा कमरेच्या मणक्यांचा झेड-स्कोअर उणे ३.१ होता. असे आलेख रुग्णाला दाखवले की ती घाबरून खाऊ लागेल, असे काही सहकाऱ्यांना वाटते. इथे दाखवला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, ‘याच्याहून कमी कुणाचा असतो का?’ तेव्हापासून मी मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय अशा रुग्णाला आकडा दाखवत नाही.

पुढे

एकेटी थांबवली. नाकातून घातलेली बारीक नळी फ्लुओरोस्कोपीखाली चिमट्याच्या पलीकडे नेली. ते काम पाऊण तास चालले, आणि शेवटचे दोन सेंटिमीटर तिला डाव्या कुशीवर वळवल्यावरच गेले. आहार अगदी थोड्यापासून सुरू करून, आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन आणि रोज रक्तातले फॉस्फेट तपासत वाढवला, कारण दीर्घ उपासानंतर घाईने भरवले तर फॉस्फेट कोसळून हृदय बंद पडू शकते. तिसऱ्या दिवशी ते उतरलेच. शिरेतून द्यावे लागले. सात आठवड्यांनी नळी काढली. मानसोपचार आणि घरच्यांसोबतच्या बैठका त्यानंतरही चालू राहिल्या, मध्ये एकदा घसरणही झाली.

पाच महिन्यांनी काढलेल्या मर्यादित सीटीत कोन ३६ अंश आणि अंतर ११ मिलिमीटर होते. हृदयाभोवतीचे पाणी गेले होते, मेंदूच्या खाचा अरुंद झाल्या होत्या, मज्जेत पिवळी बेटे परतू लागली होती. भंगरेषा भरून आली. चौदा महिन्यांनी डेक्सा पुन्हा केली तेव्हा झेड-स्कोअर उणे ३.० आला, एवढा फरक यंत्राच्या मोजमापातल्या चुकीतच मोडतो, म्हणून त्याला सुधारणा म्हणता येत नाही. पाळी तोवर सुरू झाली होती, पण हाडे ज्या वर्षांत भरायची ती वर्षे निघून चालली होती.

त्याच दिवशी सोनोग्राफीही मीच केली. गर्भाशय वयाला साजेसे होते. एसएमएचा कोन मोजायचा म्हणून बराच वेळ प्रोब दाबून पाहिला, तिला कूस बदलायला लावली, तरी ती जागा पहिल्या वेळेसारखी दिसेना. शेवटी अहवालात लिहिले : ‘पोटातील वायू आणि चरबीमुळे ड्युओडेनमचा तिसरा भाग स्पष्ट दिसू शकला नाही.’